शिशाने स्वतः आजारी पडला, तरी जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसं घालणारा थॉमस मिजली

तारीख होती ३० ऑक्टोबर १९२४. न्यूयॉर्कच्या पत्रकारांसमोर थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरने एका बाटलीतलं द्रव स्वतःच्या हातांवर ओतून घेतलं. मग बाटली नाकाशी धरून मिनिटभर तिचा वास घेतला. हे रोज केलं तरी आपल्याला काही होणार नाही, असा त्याचा दावा होता.

बाटलीत होतं टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. आणि आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाली म्हणून याच मिजलीला काम थांबवून फ्लोरिडाला आराम करायला जावं लागलं होतं.

मिजलीचा जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून तो पुढे जनरल मोटर्सच्या संशोधनात आला. तेव्हा गाड्यांची मोठी डोकेदुखी होती नॉकिंग. सिलिंडरमधलं इंधन नको तेव्हा आपोआप पेटायचं, इंजिन ठकठक करायचं आणि ताकद जायची. कित्येक रसायनं वापरून बघितल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये मिजलीला उत्तर सापडलं. पेट्रोलमध्ये चिमूटभर शिसं घातलं की ठकठक बंद.

इथेनॉलनेही हेच काम होतं, हे त्याला माहीत होतं. हो, तेच इथेनॉल जे आज आपल्याकडे उसापासून बनवून पेट्रोलमध्ये मिसळतात. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकत होतं, त्यात पेटंटचा पैसा नव्हता. शिशात होता. कंपनीने नवीन मालाला नाव दिलं 'इथाइल'. जाहिरातीत शिशाचा उल्लेखच नाही.

इकडे कारखान्यांत माणसं वेडी होत होती, अगदी शब्दशः. न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ऑक्टोबर १९२४ मध्ये पाच कामगार गेले, तीसहून जास्त दवाखान्यात भरती झाले. काहींना बांधून ठेवावं लागलं. दुसऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांना हवेत नसलेले किडे दिसायचे, म्हणून त्या इमारतीचं नावच फुलपाखरांचं घर पडलं. मिजलीचा तो बाटलीचा खेळ याच बातम्या दाबण्यासाठी होता.

असं का व्हायचं? हे संयुग चरबीत विरघळतं, त्यामुळे कातडीतूनही आत शिरतं आणि थेट मेंदू गाठतं. गाडीच्या धुरातून येणारं साधं शिसं मात्र सावकाश काम करतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला कॅल्शियम वापरतात, तिथेच शिसं घुसतं आणि निरोप बिघडतात. लहान मुलांचा मेंदू अजून घडत असतो, शिवाय त्यांचं पोट मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं. परिणाम म्हणजे बुद्ध्यांक घटतो, लक्ष लागत नाही, रागावर ताबा राहत नाही. झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही.

डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९२५ मध्येच याला कडाडून विरोध केला होता. विक्री काही काळ थांबलीही. पण १९२६ मध्ये सरकारी समितीने हिरवा कंदील दिला आणि शिसं जगभरच्या पंपांवर पोचलं.

मिजली पुढे फ्रिजसाठी फ्रिऑन वायू शोधणाऱ्यांतही होता. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूंपैकी हा एक. एकाच माणसाच्या नावावर दोन संकटं! जिवंतपणी मात्र त्याला सन्मानच मिळाले, १९४४ मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. १९४० साली पोलिओने पाय गेल्यावर बिछान्यातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं होतं. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. वय ५५.

त्याचं पेट्रोल मात्र टिकलं. एका अभ्यासानुसार त्या धुरामुळे अमेरिकनांनी मिळून ८२ कोटींहून जास्त बुद्ध्यांक गुण गमावले. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १९९५ साली बिनशिशाचं पेट्रोल आलं, देशभर २००० साली. अल्जेरियाने जुलै २०२१ मध्ये शेवटचा साठा संपवला. तेव्हाच्या मुलांच्या हाडांत साठलेलं शिसं अजून तिथेच आहे, आणि हाडं झिजायला लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं.