टेकाडाच्या पोटातील इतिहास

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्या राष्ट्राचा तिसरा अध्यक्ष म्हणून थॉमस जेफर्सनचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु भूमीच्या पोटात दडलेला इतिहास शास्त्रशुद्ध रीतीने वाचणारा आद्य संशोधक म्हणूनही तो स्मरणीय आहे.

जेफर्सनचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनिया प्रांतात झाला. तो चौदा वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. पुढे तो कायदेपंडित झाला. तथापि शेती, स्थापत्य आणि निसर्ग यांविषयीची त्याची जिज्ञासा कधीच मंदावली नाही.

त्या प्रांतात मूळ रहिवाशांनी रचलेली मातीची टेकाडे होती. त्यांत मानवी अस्थी आहेत हे सर्वांस ठाऊक होते. पण ती कशी रचली गेली, याविषयी नाना तर्क चालत. कोणी म्हणत, तेथे रणात पडलेले वीर पुरले आहेत. कोणी म्हणत, तेथे मृतांना उभे करून भोवती माती लोटली आहे.

केवळ ऐकीव गोष्टींवर जेफर्सनचे समाधान होईना. १७८३ च्या सुमारास त्याने रिव्हॅना नदीकाठचे एक टेकाड निवडले. त्याचा पायथ्याचा व्यास सुमारे ४० फूट होता. मूळची १२ फूट उंची नांगरटीमुळे साडेसात फुटांवर आली होती. सभोवती ५ फूट खोल चर होता. त्यातीलच माती टेकाडासाठी वापरलेली होती.

प्रथम त्याने ठिकठिकाणी उकरून पाहिले. मग माणूस आतून चालत जाऊ शकेल एवढा रुंद छेद टेकाडाच्या माथ्यापासून मूळ जमिनीपर्यंत घेतला. छेदाच्या भिंतींत सारा वृत्तांत उघड झाला. तळाशी अस्थी, त्यांवर दुरून आणलेले दगड, मग माती आणि पुन्हा अस्थी, असे थर होते. एका बाजूस अस्थींचे चार थर स्पष्ट दिसत होते. वरच्या अस्थी खालच्यांहून कमी झिजलेल्या होत्या. म्हणजे टेकाड एकाच वेळी नव्हे, तर टप्प्याटप्प्याने वाढत गेले होते. अस्थींवर शस्त्रांचे घाव नव्हते, त्यांत बालकांच्याही अस्थी होत्या. म्हणून ती रणभूमी नव्हे. अस्थी अस्ताव्यस्त पडलेल्या होत्या. म्हणून उभ्या दफनाची कथाही निराधार ठरली.

त्यापूर्वी सुमारे तीस वर्षांमागे मूळ रहिवाशांची एक टोळी, कोणासही वाट न विचारता, रान तुडवीत थेट या टेकाडापाशी आली होती. काही काळ शोकमग्न उभी राहून ती निघून गेली. हा प्रसंगही जेफर्सनने आपल्या ग्रंथात नोंदविला. ज्यांच्या पूर्वजांची ती विश्रांतिस्थाने, त्या मोनाकन लोकांचे वंशज आजही व्हर्जिनियात राहतात.

सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या जेफर्सनने स्वतः शेकडो गुलाम बाळगले, ही त्याच्या चरित्रातील मोठी उणीव होय. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्यास बरोबर ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तो निवर्तला. तर्क कितीही आकर्षक असला, तरी तो पुराव्याच्या कसोटीवर घासून घ्यावा, हा त्याच्या उत्खननाचा बोध मात्र चिरंतन आहे.