पेशींचे चित्रकार काहाल

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, असे मला सुचविण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी सांतियागो रामोन इ काहाल यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

त्यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील एका खेड्यात झाला. वडील वैद्यकी करीत. मुलाला चित्रांचे वेड. वडिलांना ते नापसंत. या खोडकर मुलाला त्यांनी काही काळ न्हाव्याकडे व जोडे शिवणाऱ्याकडेही कामास ठेवले. पुढे वडिलांनीच त्याला हाडे दाखवून शरीरशास्त्र शिकविले, आणि चित्राचा हात तेथे उपयोगी पडला. १८७३ साली काहाल डॉक्टर झाले. सैन्याबरोबर क्यूबाला जाऊन हिवतापाने खंगून परतले. १८७९ साली सिल्वेरियाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी मेंदू म्हणजे एकसंध जाळे, असा बहुतेक विद्वानांचा समज होता. इटलीच्या गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याची रीत काढली होती. कपाशीच्या दाट शेतात मोजकीच झाडे काळी करावीत, म्हणजे त्यांची फांदी न् फांदी दिसते, तसे ते होई. १८८८ साली काहाल यांनी त्याच रीतीने दाखविले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र असून ती शेजारणीला निरोप देते. हे छापण्यासाठी त्यांनी पदरच्या पैशाने नियतकालिक काढले. पगार बेताचा, घरात मुलेबाळे. सिल्वेरियाबाईंनी काटकसरीने संसार सांभाळला म्हणूनच हे साधले. १९०६ साली त्यांना गोल्जींबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. गोल्जींनी मात्र जाळ्याचे मत तेव्हाही सोडले नाही!

काहाल यांनी पेशींचे नाना प्रकार रेखाटले. कोणी त्रिकोणी, कोणी डेरेदार झाडासारखी. त्यांची कामेही निराळी, हे पुढे कळले. नवी आठवण धरणाऱ्या पेशी एकीकडे, हाताची सवय सांभाळणाऱ्या दुसरीकडे. आमच्या सासूबाई उतारवयात सकाळचे जेवण दुपारी विसरत. पण गोधडीचा टाका चुकत नसे. शेजारीपाजारी त्याला ढोंग म्हणत. ते ढोंग नव्हते. एका जातीच्या पेशी थकल्या होत्या, दुसऱ्या शाबूत होत्या. अशा म्हाताऱ्या माणसावर रागावू नये. त्याच्या हाताला जमेल ते काम द्यावे.

अभ्यासाने पेशींच्या फांद्या वाढतात, असा विचार काहाल यांनी १८९४ साली लंडनच्या व्याख्यानात मांडला. पुढील संशोधनानेही त्याला पुष्टी मिळाली. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे ते निवर्तले. चूल सांभाळूनही रोज एक पान वाचावे, ही शिकवण मी त्यांच्या चरित्रातून घेतली आहे.