पात्र बोलतंय की लेखक? ६०० वर्षांपूर्वी एका विधवेने पॅरिसच्या विद्वानांना हाच प्रश्न विचारला होता

विनोदाच्या नावाखाली बायकांची टिंगल झाली आणि कुणी आक्षेप घेतला, की उत्तर ठरलेलं असतं. हे लेखकाचं मत नाही, पात्र बोलतंय. हे उत्तर बरंच जुनं आहे. १४०२ मध्ये ते क्रिस्टीन द पिझाँला मिळालं होतं.

क्रिस्टीनचा जन्म १३६४ च्या सुमारास व्हेनिसमध्ये झाला. वडील फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या दरबारी ज्योतिषी झाले, म्हणून ती लहानपणीच पॅरिसला आली. १५ व्या वर्षी लग्न झालं. पंचविशीत नवरा गेला. पदरात तीन मुलं, शिवाय आई आणि भाचीची जबाबदारी. नवऱ्याचे अडकलेले पैसे सोडवायला तिने कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अखेर घर चालवण्यासाठी तिने लेखणी हातात घेतली.

फ्रान्समध्ये १३ व्या शतकापासून फाब्लियो नावाच्या चावट पद्यकथा लोकप्रिय होत्या. नवऱ्याला गंडवणारी, तोंडाळ बायको हा त्यातला हुकमी मसाला. ‘रोमान द ला रोझ’ या गाजलेल्या दीर्घकाव्यातही हा सूर होता. ज्याँ द म्यूनने लिहिलेल्या भागात एक म्हातारी पुरुषांना लुबाडण्याचे धडे देते, तर एक संशयी नवरा समस्त बायकांवर तोंडसुख घेतो.

१४०१ च्या सुमारास दरबारी विद्वान या काव्याचं कौतुक करत असताना क्रिस्टीनने पत्रं लिहून जाहीर विरोध केला. पिएर कॉल या विद्वानाने बचाव केला, की तो नवरा त्याच्या स्वभावाप्रमाणेच बोलणार, त्याचा दोष लेखकाला कसा लावायचा?

क्रिस्टीनने उत्तरात एक प्रसंग सांगितला. एक संशयी नवरा हेच पुस्तक बायकोला वाचून दाखवायचा आणि तिला मारायचा. शब्द पात्राचे असले, तरी मार खऱ्या बाईला बसत होता.

पॅरिस विद्यापीठाचे कुलपती ज्याँ जेर्सों यांनीही या काव्यावर टीका केली. वादाची पत्रं एकत्र करून क्रिस्टीनने ती राणी इझाबोला दिली. पुढे १४०५ च्या सुमारास तिने कर्तबगार स्त्रियांवर ‘स्त्रियांचं नगर’ हा ग्रंथ लिहिला. १४१८ मध्ये पॅरिस यादवीत सापडल्यावर ती मठात गेली. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कवर कविता लिहिली आणि त्यानंतर काही काळातच ती वारली.

यापुढे कुणी पात्राकडे बोट दाखवलं, की तो पुस्तक वाचणारा नवरा आठवा.