गुंतवणूकदारांचे गुरुजी : बेंजामिन ग्रॅहम

म्युच्युअल फंड निवडताना बहुतेकांची नजर प्रथम गेल्या वर्षीच्या परताव्याकडे जाते. ही सवय किती महागात पडू शकते, हे अनेक दशकांपूर्वी सोदाहरण दाखवून देणारे बेंजामिन ग्रॅहम स्वतः एक यशस्वी निधी चालवीत होते. वॉरन बफेट यांचे गुरू ही त्यांची सर्वपरिचित ओळख. मात्र, बेताची पुंजी असलेल्या माणसाने आपले मुद्दल कसे जपावे, हा प्रश्न त्यांच्यासोबत आयुष्यभर राहिला. त्याचे मूळ त्यांच्या बालपणात होते.

ग्रॅहम यांचा जन्म ९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये झाला. ग्रॉसबॉम हे त्यांचे मूळ आडनाव. ते वर्षभराचे असताना हे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला स्थायिक झाले. वडिलांचा चिनी मातीच्या वस्तू आयात करण्याचा व्यवसाय होता. १९०३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि व्यवसाय बसला. पदरी तीन मुले असलेल्या आईने उसन्या पैशावर शेअर घेतले. १९०७ च्या घबराटीत तेही बुडाले. सुखवस्तू घराला ओढग्रस्तीचे दिवस आले.

बुद्धीच्या बळावर ग्रॅहम यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रवेश मिळविला. १९१४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते दुसऱ्या क्रमांकाने पदवीधर झाले. इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. पण घरची गरज ओळखून त्यांनी वॉल स्ट्रीटची वाट धरली. त्या काळी रोखे म्हणजे गुंतवणूक आणि शेअर म्हणजे सट्टा, असा सर्वसाधारण समज होता. ग्रॅहम मात्र कंपन्यांचे ताळेबंद बारकाईने वाचू लागले. १९२६ मध्ये सरकारी दफ्तरातील अहवाल चाळताना त्यांना नॉर्दर्न पाइपलाइन या कंपनीचे गुपित सापडले. तिचा शेअर ६५ डॉलरला मिळत होता आणि कंपनीकडे प्रत्येक शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे व रोकड होती. पुढे पाठपुरावा करून त्यांनी यातील मोठी रक्कम भागधारकांना वाटण्यास व्यवस्थापनाला भाग पाडले.

त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा निधी सुरू केला. जेरोम न्यूमन हे लवकरच त्यांचे भागीदार झाले. तेव्हा अमेरिकेत गुंतवणूक ट्रस्टांचे पेव फुटले होते. यातील अनेक ट्रस्ट कर्ज काढून शेअर घेत आणि लोक त्या ट्रस्टांचे शेअर आतील मालमत्तेच्या मूल्यापेक्षा चढ्या भावाने विकत घेत. गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा १९२८ मध्ये १०४ डॉलरला विकलेला शेअर दोनशेच्या पुढे गेला आणि १९३२ मध्ये दोन डॉलरच्याही खाली आला. हा तडाखा ग्रॅहम यांनाही चुकला नाही. १९२९ ते १९३२ या काळात त्यांच्या निधीचे मूल्य सुमारे ७० टक्क्यांनी घटले. करारानुसार तोटा भरून निघेपर्यंत त्यांना मोबदला घेता येत नव्हता. दोघे भागीदार सुमारे पाच वर्षे बिनमोबदला राबले आणि १९३५ अखेर त्यांनी हे नुकसान भरून काढले.

या अनुभवातून त्यांच्या विचाराला आकार आला. १९२८ पासून ते कोलंबियात शिकवीत होतेच. १९३४ मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेला ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ हा ग्रंथ व्यावसायिकांसाठी होता. १९४९ चा ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ सामान्य वाचकांसाठी. किमतीपेक्षा मूल्य पुरेसे अधिक असेल तेव्हाच खरेदी करावी, या सुरक्षिततेच्या अंतराला त्यांनी सर्वाधिक महत्त्व दिले.

निधीच्या निवडीबाबत त्यांचा सल्ला साधा होता. एकूण निधींचा विचार करता ते बाजाराच्या सरासरीला मागे टाकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेजीच्या एक-दोन वर्षांत डोळे दिपविणारा परतावा देणारे निधी मोठी जोखीम घेत असतात. १९६० च्या दशकाअखेरीच्या घसरणीत असे अनेक निधी कोसळले. खुल्या निधीत प्रवेश शुल्क भरण्यापेक्षा, मालमत्ता मूल्याहून १० ते १५ टक्के कमी भावात मिळणारे बंद मुदतीचे निधी त्यांना अधिक पसंत होते. शेअरमधील वाटा २५ टक्क्यांहून कमी आणि ७५ टक्क्यांहून अधिक नसावा, उरलेली रक्कम रोख्यांत असावी आणि ठराविक रक्कम नियमितपणे गुंतवावी, असे ते सांगत.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा लाभ मात्र या चौकटीबाहेरचा ठरला. १९४८ मध्ये त्यांच्या निधीने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरना घेतला. गुंतवणूक कंपनीला विमा कंपनीत एवढा हिस्सा ठेवण्यास कायद्याने मनाई असल्याने ते शेअर स्वतःच्या भागधारकांना वाटावे लागले. या एका व्यवहाराचा नफा वीस वर्षांतील इतर सर्व व्यवहारांच्या एकत्रित नफ्याहून अधिक झाला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे पुस्तकात नोंदविली आणि नशिबाचा वाटा नाकारला नाही.

१९५६ मध्ये निधी गुंडाळून ते कॅलिफोर्नियाला गेले. उरुग्वेचे लेखक मारिओ बेनेदेत्ती यांची कादंबरी त्यांनी इंग्रजीत आणली. १९७६ मध्ये एका मुलाखतीत, सर्वसाधारण व्यवस्थापक दीर्घकाळात निर्देशांकाला मागे टाकू शकत नाही, या मताला त्यांनी दुजोरा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन बोगल यांनी सामान्यांसाठी निर्देशांकाधारित निधी बाजारात आणला. अपेक्षित १५ कोटींपैकी जेमतेम १ कोटी १३ लाख डॉलर जमा झाले. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ग्रॅहम यांचे निधन झाले.

त्यांचे विचार आज भारतीय गुंतवणूकदाराच्याही परिचयाचे आहेत. दरमहा ठराविक रक्कम गुंतविणारी ‘एसआयपी’ त्याच तत्त्वावर चालते. ऑगस्ट २००९ मध्ये ‘सेबी’ने प्रवेश शुल्क बंद केले आणि जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना थेट योजना उपलब्ध झाल्या. शुल्क किती आणि जोखीम किती, हे दोन प्रश्न परतावा पाहण्याआधी विचारणे आता प्रत्येकाच्या हाती आहे. बाजार घसरल्यावर हप्ता थांबवायचा की चालू ठेवायचा, हा निर्णयही त्याचाच असतो. ग्रॅहम यांच्या मते, गुंतवणूकदाराची खरी कसोटी त्याच वेळी लागते.