आधी तार, मग गाणं

गॅदरिंग जवळ आलं की ग्रुपमधल्या गिटारवाल्याचा चेहरा बघा. त्याच्या गिटारला फ्लोटिंग ट्रेमोलो ब्रिज असेल तर विचारूच नका. एका बाजूनं तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि ब्रिज मधल्यामध्ये अधांतरी. एक तार चढवली की ब्रिज थोडा झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. मग पुन्हा पहिल्यापासून. तो स्क्रू पिळत बसतो आणि तुम्ही वैतागून म्हणता, झालं का रे तुझं?

आज गोष्ट अशाच एका माणसाची. वाद्य फक्त वेगळं, तंबोरा. नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. गाणं घरातच होतं. सारंगी आणि बीनही ते वाजवायचे. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायले, मग महाराष्ट्रात आले आणि मिरजेत रमले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं.

मिरज म्हणजे तंबोऱ्याचं गाव. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथं वाद्यं बनवायला सुरुवात केली. आणि त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो कुठून? आपल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढा भागातून!

अशा गावात राहूनही खाँसाहेब दुरुस्तीचं सगळं काम कारागिरावर सोडायचे नाहीत. हत्यारं जवळ ठेवायचे आणि जवारी स्वतः काढायचे. जवारी म्हणजे काय? तंबोऱ्याचा ब्रिज, म्हणजे घोडी, वरून रुंद असते आणि तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर सरकवला की आवाज उघडतो, नाहीतर बसतो. वाजवून वाजवून घोडीवर चरे पडतात, मग ती पुन्हा घासावी लागते. जरा जास्त घासली तर आवाज बिघडलाच. इथं ट्यूनर ॲप नाही, फक्त कान.

हा कान किती तयार होता? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांची मदत घेतली. म्हणजे गायकाचा गळाच प्रयोगशाळेत!

सगळंच जमलं असं नाही. १९२२ मध्ये पत्नी ताराबाई माने मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. घराची तार जुळली नाही. पण त्याच मुलांतल्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर पुढे मोठे कलाकार झाले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. ही साखळी तुम्हाला माहीतच असेल.

आता शेवट ऐका. ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच बसले आणि तंबोरा जुळवायला सांगितला. तो जुळल्यावर दरबारीच्या सुरांत प्रार्थना गायले आणि तिथंच गेले. तारीख २७. हाताशी थोडाच वेळ उरला होता, तरी आधी तार जुळवली, मग गायले.

त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. दर वर्षी उरुसात तिथं गाणं होतं. सोलापूरहून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरज काही लांब नाही, एकदा जाऊन ऐका. पहिली दहा मिनिटं कुणी गाणार नाही, नुसते तंबोरे जुळत असतील. तेव्हा मोबाइल काढू नका.

आणि हो, गॅदरिंगच्या दिवशी त्या गिटारवाल्याला घाई करू नका. त्याचं गाणं सुरू झालेलं असतं.