औषधाच्या जोडीला हिंमत

कॉलेज यवतमाळचं असो, पुसदचं की वणीचं, आपल्या विद्यापीठाच्या मार्कशीटवर एक नाव असतंच : संत गाडगे बाबा. ते नाव आपण फॉर्मवर शंभरदा लिहिलेलं असतं. पण या माणसाचं दवाखान्याशी काय नातं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मामाच्या गावी, दापुऱ्याला, ढोरं राखत वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगात चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर आणि हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं.

आणि कीर्तन म्हणजे नुसती धमाल! बोली अस्सल वऱ्हाडी. बाबा लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. नवसाचं बकरं, कर्ज काढून केलेला सण, दारूचा गुत्ता, कशाचीही खिल्ली उडायची. ज्याची उडायची तोही हसायचा. मध्येच ‘गोपाला’चा गजर सुरू व्हायचा, अख्खा जमाव टाळ्या धरायचा. हसता-गाता मनातली भीती नि लाज सैल व्हायची, मग कडू गोष्टही गळी उतरायची.

पण भजनानं रोग बरा होतो, असं त्यांनी कधी भासवलं नाही. अंगारा नाही, चमत्कार नाही, कुणाला पाया पडू देणंही नाही. त्यांच्या दहा कलमी संदेशात रोग्याला औषधोपचार द्यावा हे एक कलम आहे, तर दुःखी आणि निराश माणसाला हिंमत द्यावी हे दुसरं. बाबांच्या हिशेबात दोन्ही लागायचं.

हिंमत म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः सोसलं होतं. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली, तेव्हा खारेपाटणला कीर्तन रंगात आलं होतं. त्यांनी ते थांबवलं नाही, असं सांगतात.

गावाकडचा पेशंट मुंबईला मोठ्या दवाखान्यात गेला, की त्याला खाट मिळते. पण सोबत आलेल्या माय-बापानं झोपायचं कुठं? बाबांना हा प्रश्न दिसला. १९५४ मध्ये जे. जे. हॉस्पिटलच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. पुढे त्यांच्याच नावानं दादरला उभी राहिलेली धर्मशाळा आज कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते.

८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. शरीर थकलं होतं, तरी लोक हसत होते. त्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं, एकदा ऐकाच. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले.

आज जगभरच्या दवाखान्यांत विदूषक लहानग्या पेशंटना हसवतात, उपचारांच्या जोडीला संगीत ऐकवलं जातं. आपल्याकडं एवढा थाट नसेल. पण सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून रात्र काढणारी एखादी आजी असतेच. तिला केसपेपरची खिडकी दाखवा, घडीभर शेजारी बसा, तिला हसू येईल असं काही बोला. औषध डॉक्टर देतील. हिंमत आपण देऊ शकतो, तीसुद्धा फुकट.