थोरल्या भावाचे काय झाले?

आमचा निम्मा जन्म कीर्तन-प्रवचनात गेला. त्यातली कितीतरी दहाव्याला, नाहीतर वर्षश्राद्धाच्या घरी झाली. देवाचे स्वरूप सांगावे, जीवाचे सांगावे. आणि सगळे उठून गेले की एखादी माय ओट्याशी येऊन हळूच विचारते, की महाराज, हे सारे खरे, पण गेलेला पोर मला पुन्हा भेटेल का? पाठशाळेत घोकलेली उत्तरे आम्हाला येतात, पण तिच्यासमोर ती जिभेवर येत नाहीत. हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलामागे जन्मभर लागला होता. त्याचे नाव जोसेफ स्मिथ. त्याच्या अनुयायांना जग मॉर्मन म्हणते. त्याने सांगितलेला देव आणि जुन्या कॅथलिक धर्माचा देव यांत फार अंतर आहे, आणि देवात अंतर पडले की जीवाच्या सुखातही पडते. ते चरित्राच्या ओघातच सांगू.

२३ डिसेंबर १८०५ रोजी व्हर्माँट प्रांतात शॅरन गावी त्याचा जन्म झाला. घरी दारिद्र्य, जमीन खडकाळ, भावंडे पुष्कळ. सात-आठ वर्षांचा असताना विषमज्वर होऊन पायाच्या हाडात पू झाला. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. वैद्यांनी दारू पाजू, बांधून ठेवू म्हटले; पोराने दोन्ही नाकारले. बापाने धरून बसावे आणि आईने बाहेर जावे, एवढेच मागितले. हाडाचे तुकडे काढले, पाय वाचला. थोडा लंगडेपणा मात्र राहिला. १८१६ साली तिकडे उन्हाळाच आला नाही, पिके गेली, आणि कुटुंब न्यू यॉर्क प्रांतातल्या पामायरा गावाकडे निघाले.

तिथे धर्माचा बाजार भरला होता बघा. प्रॉटेस्टंट पंथांचे उपदेशक एकमेकांची मते खोडीत गावोगाव फिरत. पोर गोंधळले. १८२० साली, चौदा वर्षांचा असताना, आपण रानात एकांती प्रार्थना केली आणि पिता व पुत्र असे दोन दिव्य पुरुष समोर उभे राहिले, असे त्याने पुढे सांगितले. ही हकिगत त्याने वेगवेगळ्या वेळी थोडी वेगवेगळी सांगितली आहे. असो. दोन निरनिराळे, आकार असलेले पुरुष, ही खूण मात्र ध्यानात ठेवावी.

घरात थोरला भाऊ होता अल्विन. पंचविशीचा, कष्टाळू, आईबापांना म्हातारपणी बरे घर असावे म्हणून नवे घर बांधायला घेतलेला. १८२३ च्या नोव्हेंबरात त्याच्या पोटात दुखू लागले. वैद्याचे औषध पोटात अडकून बसले, आणि १९ तारखेला तो गेला. अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याने सुचवले, की हा चर्चचा नव्हता, तेव्हा याची गती नरकाकडेच. समोर आई बसलेली, बाप बसलेला. त्या बापाने तो पाद्री मनातून कायमचा उतरवला, आणि धाकट्या भावानेही ते बोल कधी विसरले नाहीत. तो पाद्री कॅथलिक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याची दीक्षा. मनापासून ती इच्छिणारा दीक्षेविना मेला, तरी ती इच्छाच दीक्षेच्या ठायी धरावी, असे कॅथलिक शास्त्र मानते.

पुढे देवदूताने टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांचा अनुवाद केला, असे जोसेफ सांगे. तोच मॉर्मन ग्रंथ. १८३० च्या मार्चमध्ये पामायराच्या छापखान्यात त्याच्या ५००० प्रती निघाल्या, आणि ६ एप्रिलला चर्च स्थापन झाले. त्या पत्र्यांविषयी आम्ही निवाडा करीत नाही. पण त्याच काळात घरात काय चालले होते ते पाहा. १८२७ च्या जानेवारीत सासऱ्याच्या मनाविरुद्ध एम्मा हेलशी त्याचे लग्न झाले. पहिला मुलगा १८२८ मध्ये जन्मला त्याच दिवशी गेला. १८३१ मध्ये जुळी झाली, तीही गेली. मग आईवेगळी जुळी दत्तक घेतली. १८३२ च्या मार्चमध्ये ओहायो प्रांतात एका रात्री जमावाने जोसेफला बिछान्यातून ओढून नेले आणि अंगाला डांबर फासून पिसे चिकटवली. दत्तक मुलाला गोवर निघाला होता. दार उघडे पडले, थंडी लागली. काही दिवसांत तोही गेला.

लेकरांची गती काय? मॉर्मन ग्रंथ सांगतो, की अजाण लेकराला पाप नाही, म्हणून दीक्षाही नको. ते थेट देवाचेच. मॉर्मन लोक आठव्या वर्षी दीक्षा देतात. कॅथलिक मानतात, की आदिमानवाच्या पतनाचा डाग प्रत्येक जन्मणाऱ्याला लागतो, म्हणून तान्ह्यालाच दीक्षा द्यावी. दीक्षेविना गेलेल्या तान्ह्यांसाठी त्यांच्या पंडितांनी शतकानुशतके एक वेगळी अवस्था कल्पिली होती: दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्री मंडळाने, अशा बालकांच्याही तारणाची आशा धरायला आधार आहे, असे प्रसिद्ध केले.

२१ जानेवारी १८३६ रोजी ओहायोतल्या कर्टलंड येथे नव्या मंदिरात जोसेफला वरच्या स्वर्गाचे दर्शन झाले, आणि तिथे, अहो, अल्विन! विनादीक्षेचा अल्विन इथे कसा, याचे त्यालाच आश्चर्य वाटले. संधी मिळती तर ज्यांनी धर्म स्वीकारला असता तेही तिथले वारस, असा त्याने अर्थ लावला. १८४० मध्ये इलिनॉय प्रांतातल्या नावू नगरीत त्याने पुढचे पाऊल टाकले: गेलेल्यांच्या नावे जिवंतांनी दीक्षा घ्यावी. लोक मिसिसिपी नदीत उतरले आणि वाडवडिलांच्या नावांनी बुड्या मारू लागले. त्यापायी मॉर्मन लोक आजही जगभरच्या वंशावळ्या गोळा करतात. कॅथलिकही मृतांना विसरत नाहीत. आमच्या वसई-गोव्याकडे २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात. पण त्यांची ती प्रार्थना, दीक्षा नव्हे. २००१ साली रोमने मॉर्मन दीक्षा अग्राह्य ठरवली, आणि २००८ साली आपल्या नोंदवह्या त्यांना देऊ नयेत असे कळवले.

आता मुळाशी येऊ. १८४३ मध्ये जोसेफने स्पष्ट सांगितले, की पित्याला हाडामांसाचा देह आहे. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला, विहिरीच्या कामात दगड पडून मेलेल्या किंग फॉलेट नावाच्या सोबत्याच्या स्मरणार्थ, त्याने हजारोंपुढे याहून धीट प्रवचन केले: देव एके काळी माणूस होता, आणि माणूस वाढत वाढत देवासारखा होऊ शकतो. जीवाचे चैतन्य कोणी निर्मिले नाही, तेही अनादि. कॅथलिकांना हे ऐकवणार नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेत त्यांनी ठरवून ठेवले आहे, की देव एक, अमर्याद, अविकारी. त्याने सारे शून्यातून निर्मिले. देहधारी झाला तो पुत्र. आम्ही न्याय शिकलेले, म्हणून आमच्या मनात लगेच येते, की हा देव पूर्वी माणूस, तर त्याचा देव कोण, आणि त्याचा कोण? अनवस्था दोष आला. जोसेफला त्याचे भय वाटत नव्हते.

त्याला भय दुसरेच होते. देव जर देहधारी पिता, तर परमसुख म्हणजे त्याच्या घरासारखे घर: नवराबायको, मुले, वाडवडील, अनंतकाळ जोडलेले आणि वाढणारे. म्हणून मॉर्मन मंदिरातले लग्न मृत्यूपाशी सुटत नाही. कॅथलिक लग्न मृत्यूपर्यंतच. पुनरुत्थानानंतर लग्न नाही, हे ख्रिस्तवचन ते धरतात. त्यांचे परमसुख म्हणजे देवाचे साक्षात दर्शन. तेराव्या शतकातले त्यांचे आचार्य थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न नेमका घेतला आहे. देव लाभला की जीव पूर्ण झाला, म्हणून सुखाला आप्तमित्रांची गरज नाही. ते असले तर शोभा वाढते, एवढेच. शास्त्र म्हणून हे आम्हाला निर्दोष वाटते. ओट्याशी आलेल्या त्या मायला मात्र हे आमच्याने सांगवणार नाही.

पण ज्याने घर अनंत केले त्याचेच घर दुभंगले. अनंत विवाहाबरोबर त्याने बहुपत्नीत्वही सांगितले आणि स्वतः पुष्कळ बायका केल्या. कित्येक एम्माला न कळवता. तिला ते कधी सोसले नाही. तिचा राग आम्हाला पटतो. १८४४ च्या जूनमध्ये फुटून गेलेल्या सोबत्यांनी वर्तमानपत्र काढून हे चव्हाट्यावर आणले. जोसेफ नगराध्यक्ष होता. नगरसभेच्या हुकमाने छापखाना मोडला गेला. त्यावरून त्याला कार्थेजच्या तुरुंगात नेले. भाऊ हायरम बरोबर गेला. २७ जूनला चेहरे काळे केलेला जमाव जिना चढून आला आणि दोघा भावांना गोळ्या घातल्या. जोसेफचे वय ३८. एम्मा गरोदर होती.

शत्रू प्रेते पळवतील म्हणून शवपेट्यांत वाळू भरून त्या लोकांदेखत पुरल्या, आणि खरे देह रात्री लपवले. बहुतेक अनुयायी ब्रिगहॅम यंगमागे पश्चिमेला गेले, १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. एम्मा गेली नाही. तिने दुसरे लग्न केले, नावूतच राहिली, आणि १८७९ मध्ये तिथेच वारली. जोसेफ नक्की कुठे पुरला आहे याचा पुढे विसर पडला. १९२८ च्या जानेवारीत शोधून दोघा भावांच्या अस्थी काढल्या आणि मिसिसिपीच्या काठी एम्माशेजारी पुरल्या.